कामादो : झाकणाआडची आच

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात जाऊन आलेल्या अनेकांनी तेथील घरांच्या परसात एक वस्तू पाहिली असेल. कमरेएवढ्या उंचीची, अंड्याच्या आकाराची, बहुधा हिरव्या किंवा लाल रंगाची आणि चाकांच्या स्टँडवर ठेवलेली. प्रथमदर्शनी ती बागेतील शोभेची मोठी कुंडी वाटते. मात्र रविवारी सकाळी तिच्या माथ्यातून धुराची बारीक रेघ निघू लागते आणि घरातील कर्ता पुरुष किंवा गृहिणी दर तासाला बाहेर येऊन तिच्यावरील तापमापक पाहून जाते, तेव्हा ही शेगडी असल्याचा उलगडा होतो. या शेगडीचे नाव 'कामादो'. मूळची जपानी, युद्धानंतर अमेरिकेत पोहोचलेली आणि आज 'बार्बेक्यू'च्या शौकिनांत मानाचे स्थान मिळवून बसलेली ही सिरॅमिकची चूल आहे.

कामादोचे वैशिष्ट्य तिच्या आगीत नसून आगीला मिळणाऱ्या हवेवरील नियंत्रणात आहे. मूठभर कोळशावर बारा-बारा तास मंद आच टिकवणे आणि त्याच कोळशावर अर्ध्या तासात पिझ्झा भाजण्याइतकी प्रखर धग निर्माण करणे या दोन्ही गोष्टी ती केवळ दोन झडपांच्या साह्याने करते. परंतु हवा कोंडून ठेवण्याच्या याच गुणामुळे ती निष्काळजी माणसाला भाजूही शकते आणि चुकीच्या जागी पेटवली तर जीवही घेऊ शकते. म्हणूनच कामादो विकत घेणाऱ्याने, वापरणाऱ्याने किंवा नुसते तिच्याभोवती जमणाऱ्यानेही तिचे तंत्र समजून घेणे हिताचे आहे.

जपानी घराची चूल

'कामादो' या जपानी शब्दाचा अर्थच मुळी चूल असा आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियन द्वीपकल्पातून मातीची बांधीव चूल जपानमध्ये आली आणि पुढे शेकडो वर्षे तीच जपानी स्वयंपाकघराचे केंद्र राहिली. आपल्याकडे भाऊ विभक्त झाले की 'वेगळी चूल मांडली' असे म्हणतात. जपानी भाषेतही 'कामादो वेगळी करणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ वेगळे घर थाटणे असाच होतो. चुलीची देवता मानण्याची प्रथाही तेथे होती.

सम्राट निंतोकू यांची आख्यायिका जपानमध्ये प्रसिद्ध आहे. उंचावरून राज्य न्याहाळताना त्यांना घरांतून धूर निघताना दिसला नाही. प्रजेच्या चुली पेटत नाहीत, याचा अर्थ तिच्या घरात शिजवायला काही नाही, हे ओळखून त्यांनी तीन वर्षे कर आणि वेठ माफ केली. राजवाड्याचे छप्पर गळू लागले तरी त्यांनी ते दुरुस्त केले नाही आणि पुन्हा धूर दिसू लागला तेव्हाच समाधान मानले, अशी ही कथा आहे. चूल पेटणे आणि घर सुखात असणे यांचा संबंध तेथेही इतका जवळचा होता.

या बांधीव चुलीखेरीज 'मुशिकामादो' नावाचा एक प्रकार वापरात होता. 'मुशी' म्हणजे वाफवणे. हे जाड मातीचे, गोलाकार, उचलून नेता येण्याजोगे भांडे असे. खाली हवा आत येण्यासाठी छोटे दार, वर घुमटाकार झाकण आणि झाकणात हवा सोडण्याची सोय. त्यात कोळसा पेटवून वर भाताचे भांडे ठेवत आणि झाकण लावून देत. भात शिजत असताना मूल रडले तरी झाकण उघडू नये, अशा अर्थाचा रूढ संकेत जपानी घरांत होता. आजच्या अमेरिकी परसातही झाकण वारंवार उघडणाऱ्याला अनुभवी मंडळी हेच ऐकवतात.

गॅस आला आणि १९५५ मध्ये 'तोशिबा' कंपनीने विजेवर चालणारा स्वयंचलित राइस कुकर बाजारात आणला. त्यानंतर जपानी घरांतून कामादो झपाट्याने हद्दपार झाली. जन्मभूमीत ती मावळत असतानाच समुद्रापलीकडे तिला दुसरे आयुष्य मिळाले.

अटलांटातील दुकान

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या नजरेत ही मातीची भांडी भरली. भाताऐवजी त्यात मांस भाजले तर ते कमालीचे रसाळ राहते, हे त्यांच्या लक्षात आले आणि परतताना त्यांपैकी काहींनी ती सोबत नेली. जपानमध्ये या शेगडीशी परिचय झालेले एड फिशर यांनी १९७४ मध्ये जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे दुकान थाटले. जपानमध्ये लोकप्रिय असलेल्या पाचिंको या खेळाची यंत्रे आणि मातीच्या कामादो असा त्या दुकानातील माल होता. यंत्रांपेक्षा शेगडीकडेच ग्राहक अधिक वळू लागले. 'बिग ग्रीन एग' या कंपनीचा हा प्रारंभ.

आयात केलेल्या मातीच्या शेगड्यांत एक दोष होता. काही वर्षे तापून-निवून त्यांना तडे जात. त्यामुळे फिशर यांनी पुढे उष्णतारोधक सिरॅमिकचा आधार घेतला. आकार जुनाच राहिला, माती मात्र बदलली. हिरवा रंग ही कंपनीची ओळख ठरली. कालांतराने इतर उत्पादकही या क्षेत्रात उतरले. २००९ मध्ये स्थापन झालेल्या 'कामादो जो' कंपनीच्या लाल शेगड्या आज तितक्याच परिचित आहेत. याशिवाय दुहेरी पत्र्याच्या, आतून उष्णतारोधक थर असलेल्या पोलादी कामादोही मिळतात. त्या वजनाने आणि किमतीने हलक्या असतात.

कामादो येण्यापूर्वी अमेरिकी परसात पत्र्याच्या शेगड्यांचे राज्य होते. शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये समुद्रातील तरंगत्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापून झाकणाची शेगडी तयार केली. तीच 'वेबर' केटल. तत्त्व दोन्हीकडे एकच, झाकण लावून हवा नियंत्रित करण्याचे. फरक भिंतीचा. पातळ पत्रा तापतो तितक्याच वेगाने उष्णता बाहेर टाकतो, तर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची सिरॅमिक भिंत ती पोटात साठवून ठेवते.

अंतरंग

कामादोची रचना वरकरणी साधी आहे. तळाशी हवा आत घेणारे सरकते दार असते. आत सिरॅमिकचेच विस्तवाचे पात्र, त्याच्या बुडाशी छिद्रांची जाळी आणि त्या जाळीवर कोळसा. त्याच्या वर कड्यावर टेकलेली स्वयंपाकाची जाळी. या साऱ्यावर बिजागरी आणि स्प्रिंगने जोडलेले घुमटाकार जड झाकण. झाकण आणि बूड यांच्या सांध्यावर नमद्यासारखी उष्णतारोधक पट्टी असते, जेणेकरून फटीतून हवा जाऊ नये. झाकणाच्या माथ्यावर कमी-अधिक उघडता येणारी दुसरी झडप आणि पुढच्या बाजूस तापमापक.

मोठ्या आकाराची शेगडी म्हणजे किती मोठी? 'बिग ग्रीन एग'च्या 'लार्ज' नमुन्याच्या जाळीचा व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७३ किलो आहे. यावरून तिचे घराबाहेरील स्थान एकदाच ठरवून घ्यावे लागते, हे ध्यानात यावे.

आणखी एक सुटा भाग महत्त्वाचा. कोळसा आणि जाळी यांच्यामध्ये ठेवायची सिरॅमिकची थाळी, म्हणजेच 'हीट डिफ्लेक्टर'. ही थाळी घातली की निखाऱ्यांची थेट धग अडते, गरम हवा कडेने वर जाते, घुमटाला लागून फिरते आणि शेगडीची भट्टी होते. थाळी काढली की तीच शेगडी थेट निखाऱ्यांवर भाजण्यासाठी मोकळी होते.

सारा खेळ हवेचा

आपल्या चुलीत आच वाढवायची तर फुंकणी हाती घ्यायची, कमी करायची तर लाकूड मागे ओढायचे आणि मंद आचेवर ठेवायचे ते भांडे वैलावर सरकवायचे, ही रीत. कामादोत लाकूड मागे ओढण्याची सोय नाही. विस्तवाचे पात्र कोळशाने भरलेले असते, पण त्यातील किती कोळसा जळेल हे आत येणारी हवा ठरवते. दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या की तापमान ३०० अंश सेल्सियसच्या पलीकडे जाते. त्या बोटभर किंवा त्याहून कमी उघड्या ठेवल्या की ते ११० अंशांच्या आसपास रेंगाळते. पूर्ण बंद केल्या की आग गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो.

कामादोत मांस रसाळ का राहते, याचे उत्तरही हवेतच आहे. जाड भिंतीमुळे उष्णता बाहेर जात नाही. त्यामुळे तापमान टिकवण्यासाठी थोडाच कोळसा जळावा लागतो. थोडा कोळसा म्हणजे थोडी हवा. शेगडीतून वाहणारी कोरडी हवा कमी झाली की पदार्थातील ओलावा तिच्याबरोबर निघून जाण्याचे प्रमाणही घटते. पत्र्याच्या शेगडीत उष्णता सतत निसटत असल्याने जास्त कोळसा, जास्त हवा आणि परिणामी जास्त कोरडेपणा असे चक्र चालते. झाकणबंद असली तरी कामादो हा प्रेशर कुकर नव्हे. वरची झडप उघडी असते आणि आत कोणताही दाब निर्माण होत नाही.

भिंतीच्या या गुणाची दुसरी बाजू नवशिक्यांना त्रास देते. एकदा तापलेले सिरॅमिक लवकर निवत नाही. ११० अंश हवे असताना शेगडी १८० अंशांवर गेली, तर झडपा बंद करूनही ती खाली यायला तासभर लागू शकतो. म्हणून अपेक्षित तापमानाच्या वीस-तीस अंश अलीकडेच झडपा आवळायला सुरुवात करावी, बदल थोडा-थोडा करावा आणि प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, हा नियम सर्वजण सांगतात. चढती आच आवरणे सोपे, चढलेली उतरवणे कठीण.

ग्रिलिंग आणि बार्बेक्यू

आपल्याकडे निखाऱ्यावर भाजलेल्या कोणत्याही पदार्थाला सरसकट बार्बेक्यू म्हटले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र हा भेद काटेकोरपणे पाळला जातो. प्रखर आचेवर, थेट निखाऱ्यांच्या वर, काही मिनिटांत भाजणे म्हणजे 'ग्रिलिंग'. मंद आचेवर, आडोशाने, लाकडाच्या धुरात अनेक तास शिजवणे म्हणजे खरे 'बार्बेक्यू'. टेक्सासमधील गाईच्या छातीचे मांस म्हणजे 'ब्रिस्केट' आणि नॉर्थ कॅरोलिनातील डुकराच्या खांद्याचे मांस ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. कामादोत दोन्ही प्रकार होतात. त्यासाठी तापमानाचा ढोबळ हिशेब असा :

- १०७ ते १३५ अंश सेल्सियस : धुरावर मंद शिजवणे. थाळी आवश्यक. मोठे तुकडे, बरगड्या.
- १७५ ते २०० अंश : भट्टीसारखे भाजणे. अख्खी कोंबडी, बटाटे, पाव.
- २३० ते २६० अंश : थेट निखाऱ्यांवर. कबाब, मासे, पनीर, मक्याची कणसे, भाज्या.
- ३०० अंश आणि पुढे : सिरॅमिक पाट्यावर पिझ्झा किंवा मांसाच्या जाड कापाला बाहेरून खरपूस रंग आणणे.

तंदुराशी कामादोचे साम्य सहज जाणवते. जाड मातीची भिंत, तळाशी कोळसा आणि भिंतीतून परावर्तित होणारी धग दोन्हींत आहे. मात्र तंदूर सहसा उघड्या तोंडाने आणि प्रखर आचेवर चालतो, तर कामादोचे बळ झाकणात आहे. त्या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील पोपटी तिला अधिक जवळची म्हणावी लागेल. थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडके गच्च भरतात, तोंड पाल्यानेच बंद करतात आणि मडके पालथे घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालता सारे आपल्याच वाफेत शिजते. कोंडलेल्या ओलाव्यात शिजवण्याचे तत्त्व तेच. फरक इतकाच की पोपटीत आग मडक्याबाहेर असते आणि कामादोत ती मडक्याच्या पोटात.

धुराची चव

खानदेशातील भरीत ज्यांनी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे खाल्ले आहे, त्यांना धूर हाही एक मसाला असतो हे वेगळे सांगायला नको. लाकडातील लिग्निन हा घटक तापून विघटित झाला की ग्वायकोल आणि सिरिंगोल ही संयुगे तयार होतात. धुरकट चव आणि वास मुख्यत्वे त्यांचाच. कामादोत कोळशाबरोबर हिकरी, ओक, सफरचंद किंवा चेरीच्या लाकडाचे तीन-चार ठोकळे ठेवतात. हिकरीची चव उग्र, फळझाडांची सौम्य.

येथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते. शेगडी पेटवल्यावर प्रथम दाट पांढरा धूर येतो. हा अर्धवट जळालेला धूर पदार्थाला कडवट करतो. तो विरळ, जवळजवळ न दिसणारा, निळसर होईपर्यंत थांबून मगच पदार्थ आत ठेवावा. लाकूड पाण्यात भिजवण्याची प्रथा असली तरी त्याची गरज नसते. भिजलेल्या लाकडातून आधी वाफच निघते आणि तापमान मात्र डळमळते. चीड, देवदार यांसारखे राळेचे लाकूड आणि रंग दिलेले किंवा रसायन लावलेले फर्निचरचे तुकडे कदापि वापरू नयेत.

धुरावर शिजलेल्या मांसाच्या कापावर कडेला गुलाबी पट्टा दिसतो. अनेकांना तो कच्चेपणा वाटतो. प्रत्यक्षात जळणातून निघालेले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी संयोग पावल्याने तो तयार होतो. पदार्थ शिजला की नाही, हे रंगावरून ठरवू नये.

बारा तासांचा स्वयंपाक

मंद आचेचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्राण्याच्या खांद्याचे किंवा छातीचे स्नायू सतत काम करणारे असल्याने त्यांत कोलॅजेन नावाचा चिवट घटक भरपूर असतो. झटपट भाजले तर हे मांस चामड्यासारखे होते. मंद उष्णतेत अनेक तास ठेवले की कोलॅजेन विरघळून त्याचे मऊ जिलेटिन बनते आणि मांस बोटांनी सुटे करता येते. त्यासाठी त्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे ९० ते ९५ अंशांपर्यंत पोहोचावे लागते. साडेतीन किलोच्या तुकड्याला बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. कोळशाच्या एका भरणीत कामादो हा पल्ला गाठते, हे तिचे मोठे आकर्षण.

या प्रवासात एक टप्पा माणसाची परीक्षा पाहतो. गाभ्याचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान पोहोचले की ते अचानक अडते. तास उलटतात, काटा हलत नाही. शेगडी बिघडली या समजुतीने लोक झडपा उघडतात आणि मांस करपवून बसतात. वास्तविक येथे माठातील पाणी गार होण्याचेच तत्त्व काम करत असते. मांसाच्या पृष्ठभागावरील ओलावा वाफ होऊन उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. ओलावा पुरेसा उडाला की तापमान पुन्हा चढू लागते. घाई असेल तर तुकडा जाड कागदात किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. अन्यथा थांबणे हाच उपाय. शिजल्यावरही तो लगेच न कापता किमान अर्धा तास निवू द्यावा.

सुरक्षिततेसाठी गाभ्यात खुपसायचा तापमापक आवश्यक आहे. अमेरिकी कृषी विभागाच्या निकषांनुसार कोंबडीचे मांस ७४ अंश, खिम्याचे पदार्थ ७१ अंश, तर बोकड, डुक्कर, गाय यांच्या मांसाचे अखंड काप ६३ अंश तापमानाला पोहोचून नंतर तीन मिनिटे निवलेले असावेत. कच्च्या मांसाची ताटली शिजलेल्यासाठी पुन्हा वापरू नये.

कोळसा आणि पेटवण

कामादोसाठी लाकडी कोळशाचे नैसर्गिक तुकडे वापरतात. भुकटी आणि चिकटद्रव्य दाबून केलेल्या विटा राख फार करतात. ती राख जाळीची छिद्रे बुजवते आणि मग हवेचा सारा हिशेब चुकतो. दरवेळी आधीची राख काढून, मोठे तुकडे खाली आणि लहान वर अशा रीतीने पात्र भरावे. मंद शिजवायचे असल्यास एकाच ठिकाणी, प्रखर धग हवी असल्यास दोन-तीन ठिकाणी मेण लावलेल्या लाकडी काड्यांच्या गुंडीने किंवा विजेच्या पेटवणीने विस्तव लावावा. झाकण दहा मिनिटे उघडे ठेवून मग बंद करावे आणि झडपांनी आच जुळवावी.

रॉकेल, पेट्रोल किंवा तत्सम द्रव कधीही ओतू नये. भडका उडण्याचा धोका तर आहेच, शिवाय सिरॅमिक सच्छिद्र असल्याने त्या द्रवाचा वास त्यात मुरतो आणि पुढील अनेक खेपांच्या अन्नाला लागतो.

झाकण उघडताना

आता मुख्य इशारा. झडपा आवळलेल्या अवस्थेत आतील निखारे प्राणवायूसाठी आसुसलेले असतात आणि पूर्ण न जळलेले तप्त वायू घुमटात साचलेले असतात. अशा वेळी झाकण एकदम उघडले की बाहेरची हवा आत धावते आणि ज्वाळेचा लोट थेट उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. हात, भुवया, केस, चेहरा भाजण्याचे प्रसंग यातूनच घडतात. विशेषतः प्रखर आचेवर भाजून झाल्यावर झडपा मिटवल्या आणि काही आठवण होऊन झाकण पुन्हा उघडले, तर धोका सर्वांत मोठा.

उपाय सोपा आहे. प्रथम वरची व खालची झडप मोकळी करावी. मग झाकण एक-दोन इंचच उचलून काही सेकंद तसेच धरावे, जेणेकरून हवा हळूहळू आत जाईल. नंतर चेहरा बाजूला ठेवून ते पूर्ण उघडावे. हातात लांब, उष्णतारोधक मोजे असावेत. हे दर खेपेस करावे. शेगडी गार वाटते म्हणून सवय मोडू नये. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना तिच्यापासून दूर ठेवावे. विझवण्यासाठी पाणी ओतू नये, कारण तापलेल्या सिरॅमिकला तडा जातो आणि वाफेने माणूस पोळतो. झडपा बंद केल्यावरही निखारे अनेक तास जिवंत राहतात. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण निवल्यावरच, झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावी.

दुसरा धोका दिसत नाही, त्याला वासही नसतो. कोळसा जळताना, विशेषतः हवा कमी असताना, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या बातम्या उत्तर भारतातून दरवर्षी येतात. कामादोही त्याच कोळशावर चालते आणि हवा आवळून चालवणे हीच तिची रीत आहे. त्यामुळे घरात, गॅरेजमध्ये, तंबूत किंवा काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ती पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी आत ओढून घेण्याचा मोहही टाळावा. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे जाणवताच मोकळ्या हवेत यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

शेगडी लाकडी फळ्यांवर थेट ठेवू नये. खाली पोलादी स्टँड किंवा जाड फरशी असावी. चाकांवरून हलवताना ढकलू नये, ओढावी. वजन वरच्या भागात असल्याने चाक अडकले की ती पुढे कलंडते.

आरोग्याचा हिशेब

धुराची चव कितीही मोहक असली तरी रोजच्या आहारासाठी ती नव्हे. मांस प्रखर आचेवर करपले की त्यात हेटेरोसायक्लिक अमाइन ही संयुगे तयार होतात. चरबी निखाऱ्यांवर ठिबकून उठणाऱ्या धुरातून पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन पदार्थावर बसतात. प्रयोगशाळेतील प्राण्यांवर दोन्हींचे कर्करोगकारक परिणाम दिसले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गटात समाविष्ट केले. धुरी देऊन टिकवलेले मांस त्या व्याख्येत येते.

यावर विवेकाचे उपाय आहेत. काळा पडलेला भाग काढून टाकावा, जास्तीची चरबी आधी छाटावी, ठिबकणारी चरबी झेलण्यासाठी थाळीवर पसरट भांडे ठेवावे आणि भाज्यांचा वाटा वाढवावा. वांगी, ढोबळी मिरची, कांदे, रताळी, कणसे हे सारे या शेगडीत उत्तम भाजले जाते. शाकाहारी घरातही ती निरुपयोगी ठरत नाही.

निगा आणि निवड

कामादोला साबण लावून धुण्याची गरज नसते, किंबहुना धुऊच नये. अधूनमधून तापमान चढवून आतील चिकटपणा जाळून टाकावा आणि जाळी ब्रशने घासावी. ब्रशची तुटलेली तार अन्नात जाणार नाही, हे पाहावे. सांध्यावरील पट्टी झिजली की हवा झिरपू लागते आणि आच आवरेनाशी होते. ती वेळीच बदलावी. पावसात भिजलेली शेगडी एकदम प्रखर तापवू नये. आधी मंद आचेवर ओल उडू द्यावी. सिरॅमिक दीर्घकाळ टिकते, पण आपटले तर फुटते.

आपल्या शहरांत परस राहिला नाही. सदनिकेत राहणाऱ्यांनी या शेगडीचा विचार करताना प्रथम जागेचा विचार करावा. अमेरिकेतील अनेक शहरांच्या अग्निसुरक्षा नियमांनीही बहुमजली इमारतींच्या ज्वलनशील बाल्कनीत कोळशाच्या शेगड्यांना मनाई केली आहे. मोकळे अंगण, फार्महाउस किंवा गावाकडील घर असेल तरच कामादोचा खर्च सार्थकी लागतो. गच्चीवर पेटवायची असल्यास सोसायटीची परवानगी घ्यावी आणि धूर कोणाच्या खिडकीत जातो तेही पाहावे.

परदेशी आप्तांकडे या अंड्याभोवती जमण्याचा योग आला, तर यजमान झाकण उघडायला जाताना दोन पावले मागे सरकावे आणि जेवणाची घाई करू नये. जपानी घरातील भाताची शिस्त येथेही लागू पडते. झडपा एकदा जुळल्या की उरलेले काम आच करते आणि झाकण जितके कमी उघडावे तितके जेवण लवकर आणि चांगले होते.